वार्निश वाळेपर्यंत

कोल्हापूर, ता. २० ऑगस्ट १९५०

सौ. आक्काला आकारामाचा नमस्कार पोचावा.

पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरीणबाईंनी आक्काला आधी खाली बसवावं आन् मग वाचावं. बातमीच तशी हाय.

आमच्या कारखान्यात नवी पाशिंजर मोटार बांधायला घेतलीया. मालक गणपतराव सोताच चालवणार. सांगाडा बंडू सुताराचा, रंग माझा. आन् ही मोटार कुठल्या रस्त्याला लागणार? सांग बघू! कोल्हापूर-आजरा, आक्का! कोल्हापूर-आजरा!

बाईंना ठाऊक नसंल म्हणून सांगतो. एकेचाळीस साली आमच्या आक्काची वरात दाजींच्या टांग्यातनं निघायची होती. दाजी म्हंजे तुमचे शेजारी गुंडूराव. टांगा रंगवायचं काम मी अंगावर घेतलं. नुकताच हात बसला होता, अंगात मस्ती. रंग वाळायच्या आतच त्यावर वार्निश मारून मोकळा झालो. वरात उन्हात निघाली आन् समदा रंग दुधावरच्या सायीगत गोळा झाला. आक्का उतरायला उठली तर शालू पाठच्या फळीला चिकटलेला. टर्रकन फाटला. अपशकुन झाला म्हणून आक्काच्या सासूनं आभाळ डोक्यावर घेतलं. आन् दाजी चारचौघांत म्हणाले, "आधी रंग वाळवायला शीक, मग माझ्या उंबऱ्याला पाय लाव." मी काय कमी व्हय? म्हणालो, "तुमचं नख उमटणार न्हाय आशा गाडीतनंच येईन, न्हायतर जल्मात येणार न्हाय."

नऊ वर्सं झाली. आक्का माहेरी यायची तेवढीच भेट. आई गेली आन् तेबी थांबलं. तुझं तोंड बघून दोन वर्सं झाली, आक्का.

आता ही गाडी माझ्या हातची आन् आजऱ्याला जाणारी. दसऱ्याला पयली फेरी करायची म्हणत्यात. पुढच्या बाकावर मी बसून येणार. परतीला तुला शेजारी बसवतो आन् सरळ जोतिबाला नेतो. दाजींना म्हणावं नखं वाढवून ठेवा.

तुझा,
आकाराम


आजरा, ता. ३० ऑगस्ट १९५०

(आक्का सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे. – प्रमोदिनी)

आकाराम, तुझं पत्र बाईंनी दोनदा वाचलं. मला खाली बसवायची गरज पडली न्हाय, मी बाजंवर बसलेलीच हुते.

ह्यांना सांगितलं, नखं वाढवा. तर हसले की! पयलं तुझं नाव काढलं की उठून जायाचे. सासूबाई गेल्यापासनं लई निवळल्यात. परवा सोताहून म्हणाले, तुझा भाऊ काय म्हणतोय.

आता एक सांगते. बाईंनी ते लिहून घ्याच. तू बाईंना समदं सांगितलंस, पर खरं ते झाकलंस. वार्निश तू सोताहून मारलं न्हाईस. मी लावलं मारायला. "नुसता रंग काय दिसतोय, माझी वरात हाय, टांगा आरशागत चकाकला पायजे," म्हणाले. तू म्हणालास, "आक्का, रंग कच्चा हाय, आठ दिस तरी पायजेत." मी डोळ्यांत पाणी आणलं. मग मारलंस. आन् चार माणसांत शिव्या खाल्ल्यास तवा माझं नाव काढलं न्हाईस. मीबी नवी नवरी, मान खाली घालून गप बसले. नऊ वर्सं ते मला आतनं खातंय बघ.

तवाच जोतिबाची आण घेतली. आकारामाला परत कधी घाई करायची न्हाय, काय बी हुदे. तवा सावकाश कर. गाडी वाळू दे, नीट वाळू दे, मगच ये.

मी झकास हाय. पावसानं गुडघं धरल्यात, बाकी काय न्हाय. घनसाळ तांदूळ तुझ्यासाठी काढून ठेवलाय. आलास की भात घालते, वासानंच जेवशील.

तुझी,
आक्का

ता. क. – गाडी पूर्ण होऊन बाहेर पडायला नेमके किती दिवस लागतील, ते कृपया मोजून आणि लवकर कळवावे. – प्रमोदिनी


कोल्हापूर, ता. १२ सप्टेंबर १९५०

सौ. आक्काला नमस्कार.

तुला कुणी सांगितलं होतं ते उकरून काढायला? ब्रश माझ्या हातात होता. ज्याच्या हातात ब्रश त्याचा गुन्हा. परत ते बोलायचं न्हाय.

बाईंनी दिवस मोजून मागितल्यात. मी बंडूला म्हणालो, मास्तरांच्या मंडळींना शाळंचं कपाट रंगवायचं दिसतंय! रंगवा बाई, पर पावसात नको. रीत सांगतो. पत्र्याला पयलं अस्तर. मग लांबी भरून खळगे बुजवायचे. ती वाळली की काचकागदानं घासायचं, हात फिरवल्यावर काय बी लागता कामा न्हाय. मग इनॅमलचे तीन हात, एक वाळल्याबिगर दुसरा न्हाय. आन् समद्यांत शेवटी वार्निश. त्येला सोताचा रंग नसतो, पाण्यागत असतंय, पर ऊन-पाऊस-धूळ समदं तेच अंगावर घेतंय. वार्निश न्हाय तर दोन वर्सांत रंगाचा खडू हुतोय.

तिसरा हात आठ-दहा दिसांत बसंल. त्यानंतर तीन आठवडे नुसतं थांबायचं. हवा दमट राहिली तर चारबी. नख दाबून बघायचं. नख उमटलं न्हाय म्हणून फसायचं न्हाय, नाक लावायचं. तेलाचा वास येतोय तवर रंग आतनं ओला. वरनं वाळलेला दिसतोय आन् आत कच्चा, तोच दगा देतोय. मी एकदा खाल्लाय दगा.

गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांध. आईबी तेच करायची. आन् घरातली कामं दाजींना सांगत जा जरा, लई लाडावून ठेवलंयस.

तुझा,
आकाराम


आजरा, ता. २२ सप्टेंबर १९५०

(आक्कांच्या शब्दांत – प्रमोदिनी)

आकाराम, निरगुडी बांधली. लई बरं वाटलं.

दाजींना काम सांग म्हणालास. आरं, आता तेच समदं करत्यात. चूल पेटवत्यात, भाकरी थापत्यात. पयल्या दिशी आजऱ्याचा नकाशा थापला हुता तव्यावर. मी हसून हसून दमले.

गाडी कशी दिसती ते नीट लिही. रंग कुठला? रेघा हाईत का? नाव काय लिवणार? मी हितं खिडकीपाशी असते. रस्त्यानं मोटार गेली की तिचा आवाज वळखायचा नाद लागलाय. तुझी गाडी मी डोळं मिटून वळखणार बघ.

एक इचारू? वार्निश मारलं न्हाय तर गाडी चालत न्हाय का रं? नुसत्या रंगावर? दसऱ्याला यायचं आन् वार्निश मागनं मारायचं, आसं हुत न्हाय का? आसंच इचारलं. बाई, हे लिवू नका. लिवलंसा व्हय? आता काय करायचं तुम्हाला! आकाराम, हे वाचलंस तसं सोडून दे. तुझ्या मनाला पटंल तवाच ये.

तुझी,
आक्का

ता. क. – आक्कांनी खोडायला सांगितलेले मी मुद्दाम ठेवले आहे. वार्निशशिवाय गाडी आली तरी त्यांना चालेल, असे मला वाटते. याहून अधिक लिहिण्याची मला मोकळीक नाही. – प्रमोदिनी


कोल्हापूर, ता. १ ऑक्टोबर १९५०

सौ. आक्काला नमस्कार.

वळखलं! आक्का, समदं वळखलं. हे दाजींचं काम! "मोकळीक नाही" म्हणं! तुझ्या मागं बसून दाजींनी बाईंना लिवायला लावलंय. आकारामाला अजून घाईची खोड हाय का बघू या, वार्निशबिगर गाडी घेऊन आला की पयल्यासारखा चारचौघांत हसू या. म्हणावं दाजी, ते दिस गेले. आता गंडायचा न्हाय मी.

आन् गंमत बघ, हितं गणपतरावबी तेच म्हणाले. "आकाराम, दसरा गाठू या. गाडी रस्त्यावर आणू, वार्निश मागनं सवडीनं मार." मी हातातला काचकागद त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, "मालक, रस्त्याची धूळ एकदा रंगात बसली की वार्निशखाली ती जल्मभर दिसती. गाडी न्यायची तर न्या, पर मग माझं नाव सांगू नका." लई तापले. पर शेवटी मालकच म्हणाले, "मरू दे, दिवाळीला काढू."

तर आता दसरा न्हाय. भाऊबीज, आक्का! अकरा नोव्हेंबर. त्या दिशी दुपारच्याला तुझ्या दारात मोटारीचा भोंगा वाजणार. तीनदा वाजवीन. ताट तयार ठेव.

रंग इचारलास. खाली तांबडा, भर डाळिंबाच्या दाण्याचा. वर मलईचा. मधनं बोटभर काळी रेघ, हातानं मारलीया, दोरी न लावता. पुढं कपाळावर "श्री जोतिबा प्रसन्न". अक्षरं अशी बसल्यात की गणपतराव रागात असूनबी दोन मिनटं बघत हुभे राहिले. वार्निश बसलं की त्यात तुला तुझं तोंड दिसंल. वरातीत जसं पायजे होतं तसं.

दाजींच्या भाकरीचं वाचून बंडूबी हसला.

तुझा,
आकाराम


आजरा, ता. ११ ऑक्टोबर १९५०

(आक्कांच्या शब्दांत – प्रमोदिनी)

आकाराम, ह्यांचा डाव न्हाय रं तो. ह्यांना कशाला बोलतोस. माझंच तोंड सुटलं हुतं.

पर तू म्हणतोस ते खरं. कामात तडजोड करू नये. बरं केलंस.

भाऊबीज म्हंजे एक महिना. जाईल की एक महिना. मी ताट घासून ठेवलंय, चिंच लावून. बसून बसून घासलं, लखलखीत झालंय.

वार्निश उरलं तर बाटलीत घालून बोटभर आण. कशाला ते आल्यावर सांगीन.

डाळिंबाच्या दाण्याचा रंग. बाईंना दोनदा वाचायला लावलं तेवढं.

अंबू

ता. क. – ही सही आज आक्कांनी स्वतः केली आहे. चार दिवस पाटीवर गिरवत होत्या. – प्रमोदिनी


कोल्हापूर, ता. २४ ऑक्टोबर १९५०

सौ. आक्काला नमस्कार.

झालं! आक्का, वार्निश झालं!

तुझी सही बघितली. बंडूला दाखवली, गणपतरावांना दाखवली. "बू" जरा लवंडलाय आन् रेघ थरथरलीया, नव्यानं शिकणाऱ्याचं तसंच हुतंय. आलो की दोन दिसांत गिरवून घेतो. चार गावांच्या पाट्या रंगवल्यात मी, भैणीचं अक्षर वाकडं ठेवीन व्हय?

आता वार्निशचं ऐक. रंगाला नाक लावलं, वास गेला. नख दाबलं, उमटलं न्हाय. मग शनवारी पाणी आन् बारीक काचकागद घेऊन रंगाची सगळी चमक मारून टाकली. बघणाऱ्याला वाटंल, येड लागलंय, चांगला रंग घासतोय. पर गुळगुळीत रंगावर वार्निश धरत न्हाय. सोमवारी सकाळी शेडची जमीन पाण्यानं भिजवली, खिडक्यांना ओली पोती लावली आन् आतनं कडी घातली. बंडूला भायेर बसवला. म्हणालो, "ब्रम्हदेव आला तरी सांजपत्तर दार वाजवायचं न्हाय. कडी काढली की वारा, वारा आला की धूळ. एक कण बसला तर नऊ वर्सं पाण्यात."

आन् बघ, नेमकं दुपारच्याला कुणीतरी आलं. गाडीची एक बाजू झाली होती, दुसरी ओली. भायेर बंडू म्हणतोय, "आकाराम, आजऱ्यास्नं पावणं आल्यात, तुला भायेर बोलवत्यात." आता तिथली माणसं गाडी कवा सुटणार म्हणून रोजच इचारायला येत्यात. मी आतनंच वरडलो, "आजऱ्याचं असू द्या न्हायतर अमेरिकेचं! वार्निश ओलं हाय! भाऊबीजेला गाडी येती म्हणावं, तवाच भेटू!" बंडू म्हणतोय, पावणं बराच येळ दाराला हात लावून हुभं होतं, मग सांजच्या मोटारीला गेलं. नावबी सांगितलं न्हाय. गावचं माणूस होतं, च्या तरी पाजायला पायजे होता, मागनं वाईट वाटलं. कोण होतं ते तू चौकशी कर, आलो की माफी मागतो.

सांजच्याला कडी काढली. काय सांगू! एक कण न्हाय, एक पुळी न्हाय. गणपतरावांनी टोपी काढली आन् डाळिंबी पत्र्यात बघून केस सारखे केले. म्हणाले, "आकाराम, तू भांडलास ते बरं केलंस."

बाटली भरून बाजूला ठेवलीया. आता नुसतं वाळायचं. अठरा दिस, आक्का.

तुझा,
आकाराम


आजरा, ता. २६ ऑक्टोबर १९५०

आकारामभाऊ,

हे पत्र मी माझ्या शब्दांत लिहीत आहे. आक्कांचे शब्द आता नाहीत. काल कोजागिरीच्या दिवशी सकाळी आक्का गेल्या.

त्यांच्या पोटात गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी श्रावणातच हात टेकले होते. आपले पहिले पत्र आले तेव्हा त्यांना बाजेवरून उठवत नव्हते. गुडघ्याचे त्यांनी खोटे सांगितले. मला त्यांनी जोतिबाची शपथ घातली होती, की आकारामाला एक अक्षर कळवायचे नाही. "मी एकदा त्याला घाई केली, त्याची चार माणसांत मान खाली गेली. आता आजार कळला तर तो गाडी अर्धी टाकून येईल आणि त्याचं बोलणं खोटं पडेल. त्याला ताठ मानेनं ह्या उंबऱ्यातनं येताना बघायचंय मला." मी तळटिपांतून सुचवीत राहिले. उघड लिहायला हवे होते. शपथ मोडली नाही याचा आता मला फार पश्चात्ताप होतो आहे.

डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणत होते. आक्का बोटांवर दिवस मोजायच्या. रोज सकाळी मला विचारायच्या, "बाई, आज वाळला आसंल का हो?" मी "हो, बहुतेक" म्हणायची.

रविवारी ताप चढला आणि त्या तुम्हाला हाका मारू लागल्या. सोमवारी पहाटेच गुंडूराव उठले आणि कोणाला न सांगता कोल्हापूरला गेले. तुम्हाला आणायला. तुमच्या शेडच्या दाराशी जे पाहुणे उभे होते, ते तेच.

तुम्ही आतून ओरडलात ते त्यांनी ऐकले. परत आल्यावर माझ्याजवळ लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "बाई, रंग वाळवायला शीक म्हणून मीच त्याला बोललो होतो. आता तो वाळवतोय, तर कुठल्या तोंडानं त्याला दार उघड म्हणू? सांगावं म्हणून जीभ उचलली, पण आतनं त्याचा आवाज एवढा आनंदात होता. म्हटलं, दिवाळीपर्यंत आहे की, चार दिवसांनी परत येतो."

आक्कांनी डोळे उघडून विचारले, "आला न्हाय?" गुंडूराव म्हणाले, "वार्निश ओलं हाय. वाळलं की येतोय." त्यावर त्या म्हणाल्या, "घाई केली न्हाईसा न्हवं त्याला? बरं केलंसा."

माहेरची साडी म्हणून मी माझी एक नवी साडी नेसवली. तुमच्या वतीने. एवढी एकच गोष्ट मी न विचारता केली.

आपली,
प्रमोदिनी


कोल्हापूर, ता. १२ नोव्हेंबर १९५०

प्रमोदिनीबाईंना आकारामाचा नमस्कार.

दहाव्याला आपली गाठ पडली, पर माणसांच्या गर्दीत बोलणं राहूनच गेलं. मग तुम्ही दिवाळीला माहेरी गेलात. म्हणून लिवतो.

तुमचं पत्र तीस तारखेला, सोमवारी आलं. वाचलं आन् तसाच स्टँडावर गेलो, हुभी होती ती मोटार धरली. तिला रंग कुणी दिला होता, कसा होता, बघितलंबी न्हाय. सांजच्याला दाजींच्या घरात शिरलो. बाजंपाशी गेल्यावर ध्यानात आलं, आरं, आपण उंबरा वलांडला. नऊ वर्सं जो वलांडला न्हाय, तो कवा वलांडला ते कळलंबी न्हाय. एवढंच करायचं होतं. कुठलीबी मोटार चालली असती. आक्का म्हणत होती, तुम्ही म्हणत होता, गणपतराव म्हणत होते. मी एकटाच शाणा. आक्काची सही थरथरलेली दिसली, तर मी म्हणालो, गिरवून घेतो! पाट्या रंगवणारा मी, दुसऱ्याच्या अक्षरावरनं त्याचा हात वळखतो, आन् भैणीचा हात वळखला न्हाय.

तुमच्यावर राग न्हाय. शपथ मोडली असती तर बरं झालं असतं, हे मनात येतंय, खोटं कशाला बोलू. पर शपथा आम्हीच घातल्या आन् आम्हीच पाळल्या. साडी नेसवलीत, ते उपकार जल्मात फिटायचे न्हाईत.

काल भाऊबीज. गणपतरावांनी इचारलं, "नेऊ का नको?" म्हणालो, "न्यायची. सांगितलंय तिला." पुढच्या बाकावर बसलो. शेजारची जागा मोकळी ठेवली, कुणाला बसू दिलं न्हाय. दुपारच्याला दारात आलो. भोंगा तीनदा वाजवीन म्हणालो होतो. एकदाच वाजवला.

दाजी भायेर आले. मी म्हणालो, "लावा नख." ते नको म्हणाले. मी म्हणालो, "लावा दाजी. तिच्यासाठी लावा." मग त्यांनी डाळिंबी पत्र्यावर नख लावलं, दाबून, दोनदा. "उमटलं न्हाय, आकाराम," म्हणाले. आन् तिथंच मोटारीला डोकं टेकून भर रस्त्यात वरडून रडले. त्या पत्र्यात त्यांचं तोंड दिसत होतं आन् मागं माझं.

आत ताट होतं. चिंचेनं घासलेलं, निरांजन, वात वळून ठेवलेली. दोघांनीबी हात लावला न्हाय.

मग दाजींनी तांदळाच्या कणगीवरचं झाकण काढून माझ्यासमोर ठेवलं. झाकण कसलं, त्या टांग्याची पाठची फळी ती. रंग सायीगत गोळा झालेला, माझ्या हातचा. आन् मधोमध शालूचे हिरवे धागे, जरीसकट, अजून चिकटलेले. दाजी म्हणाले, "टांगा विकला तवा फळी तिनं खोलून घेतली. मी म्हणायचो, टाक ते, अपशकुनी हाय. तर म्हणायची, माझा भाऊ माझ्यासाठी खोटा झाला त्येची खूण हाय ती. आता धागे सुटाय लागलेत, आकाराम आला की वरनं वार्निश मारून घीन म्हणायची."

बाटली खिशातच होती.

रीतीनं आधी घासायला पायजे. घासलं न्हाय. धाग्यांवर काचकागद कसा फिरवू? फडक्यानं धूळ टिपली, दार लावून घेतलं आन् बारीक ब्रशानं एकेका धाग्यावर वार्निश सोडलं. नऊ वर्सं वाळलेला रंग, नख लावून बघायचं कारणच न्हवतं. हिरवा रंग वर आला, जर चकाकली, वरातीच्या सकाळी होती तशी.

दाजी शेजारी बसून होते. झाल्यावर त्यांनी हळूच इचारलं, "आता किती दिस वाळू द्यायचं?"

मी म्हणालो, "वाळू दे सावकाश, दाजी. आता कसली घाई हाय."

तुमचा,
आकाराम